कल्चरच्या आधी दिलेले इंजेक्शन

जगभरातील आजारांचा भार मोजणाऱ्या अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात हृदयाच्या झडपांना जंतुसंसर्ग झालेले सुमारे १० लाख ९० हजार नवे रुग्ण होते आणि त्याच वर्षी या आजाराने सुमारे ६६ हजार माणसे दगावली. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मृत्यूचे प्रमाण शेकडा सहा भरते. पण ज्या रुग्णालयांत टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, रक्ताचे कल्चर म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, हृदयशल्यचिकित्सक आणि अतिदक्षता विभाग हे सारे एका छताखाली आहे, तिथेसुद्धा या आजाराच्या शंभर रुग्णांपैकी पंधरा ते वीस जण घरी परतत नाहीत, आणि वर्षभराचा हिशेब केला तर हा आकडा तिसाच्या घरात जातो. मोठ्या रुग्णालयांकडे अधिक गंभीर रुग्ण पाठवले जातात हे मान्य केले, तरी कोडे सुटत नाही. हा आजार घरी पडून राहिल्याने बरा होणाऱ्यांपैकी नाही. उपचार न मिळालेला जवळपास प्रत्येक रुग्ण त्याने मरतो. मग सगळ्या जगाची सरासरी उत्तम रुग्णालयांपेक्षा चांगली कशी? माझ्या मते याचा अर्थ एवढाच निघतो, की रुग्णांचा अंदाज कमी-अधिक असेल, पण मृत्यू मात्र दुसऱ्याच कुठल्यातरी नावाखाली नोंदवले जात आहेत.

ते कुठे जातात हे शोधायला फार दूर जावे लागत नाही. रुग्णालयात मृत्यू झाला की मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र नमुना ४ मध्ये भरले जाते. त्यात आधी मृत्यूचे तात्कालिक कारण, त्याखाली त्याला कारणीभूत झालेली अवस्था आणि सर्वांत खाली मूळ कारण लिहायचे असते, आणि आकडेवारीत सर्वसाधारणपणे हे मूळ कारणच मोजले जाते. झडपेवरच्या जंतूंच्या पुंजक्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला आणि तिशीतला माणूस अर्धांगाने गेला, तर प्रमाणपत्रावर मेंदूचा झटका येतो. मूत्रपिंडे निकामी झाली तर तो मृत्यू मूत्रपिंडविकाराच्या खात्यात जमा होतो. झडप फाटून फुप्फुसांत पाणी भरले तर हृदयक्रिया बंद पडल्याची नोंद होते. आणि डॉक्टरांनी नेटकेपणाने सगळी साखळी लिहिली, तरी सर्वांत खालच्या ओळीत ऱ्हुमॅटिक झडपविकार, म्हणजे लहानपणी घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाने झालेला झडपांचा बिघाड, येतो आणि तोच मोजला जातो. हे झाले प्रमाणपत्र मिळालेल्या मृत्यूंचे. आपल्या देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी जेमतेम एक पंचमांश मृत्यूंना असे वैद्यकीय प्रमाणपत्र लाभते. उरलेल्यांत 'ताप' आणि 'अटॅक' यांच्यापलीकडे कारणाची चौकशीच होत नाही.

म्हणून हा आजार दुर्मिळ आहे असे पाठ्यपुस्तकाच्या भरवशावर म्हणत राहणे आपल्याला परवडणारे नाही, आणि त्याचे मोजमाप सुरू करणे ही सरकारी आरोग्ययंत्रणेची जबाबदारी आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे. श्रीमंत देशांत दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला तीन ते दहा रुग्ण असा दर सांगितला जातो. २०११ च्या जनगणनेतील महाराष्ट्राच्या सव्वाअकरा कोटी लोकसंख्येला तो जसाच्या तसा लावला, तर वर्षाला साधारण साडेतीन हजार ते अकरा हजार रुग्ण होतात. हे केवळ गणित आहे, मोजणी नव्हे. पण यातला लहान आकडा धरला, तरी जिल्ह्यामागे वर्षाला शंभरच्या आसपास रुग्ण निघतात. आपल्या जिल्हा रुग्णालयांत जाऊन विचारले, तर गेल्या वर्षी असे किती रुग्ण आढळले याचे उत्तर शंभराच्या जवळपासही जाणार नाही, असे मला वाटते.

आजाराचे स्वरूप थोडक्यात सांगायला हवे. निरोगी झडपेचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि रक्तातून जाणारे जंतू त्यावर सहसा टिकत नाहीत. झडप आधीच जाड झालेली, आक्रसलेली, गळणारी किंवा कृत्रिम असेल, तर तिच्यावर रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स आणि फायब्रिनचे धागे यांचा सूक्ष्म थर बसतो, आणि दातांच्या मुळाशी, त्वचेवर किंवा शिरेत घातलेल्या नळीवर असलेले जंतू रक्तात आले की त्या थरात घर करतात. तिथे वाढणारा पुंजका इकोच्या पडद्यावर झडपेबरोबर फडफडताना दिसतो. तो झडप पोखरतो, त्याचे तुकडे मेंदू, प्लीहा, मूत्रपिंड असे कुठेही जाऊन अडकतात. पेनिसिलिन येण्यापूर्वी हे निदान म्हणजे मृत्यूची निश्चिती होती. प्रख्यात वैद्य विल्यम ऑस्लर यांनी १८८५ मध्ये लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत हा आजार ओळखण्याइतके अवघड काम वैद्यकात फारसे नाही, अशा अर्थाचे मत मांडले होते. आज चार ते सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक देऊन तो बरा करता येतो. मात्र जवळपास निम्म्या रुग्णांना शस्त्रक्रिया लागते. निदानातली अडचण ऑस्लर यांच्या काळात होती तशी आता राहिलेली नाही, निदान राहायला नको. आपण ती आपल्या हाताने टिकवून ठेवली आहे.

ती कशी, हे पाहू. श्रीमंत देशांतला या आजाराचा ठरावीक रुग्ण साठी-सत्तरीतला असतो. त्याची झडप वयोमानाने खराब झालेली किंवा बदललेली असते, अंगात पेसमेकर असतो आणि जंतू बहुतेकदा स्टॅफिलोकोकस असतो. आपल्याकडचे चित्र निराळे आहे. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने १९८१ ते १९९१ या काळात पाहिलेल्या रुग्णांचे सरासरी वय पंचविशीच्या आसपास होते. लखनौमध्ये १९९२ ते २००१ या काळात पाहिलेल्या १९२ रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या झडपा ऱ्हुमॅटिक तापाने आधीच बिघडलेल्या होत्या. म्हणजे आपला रुग्ण हा कमावत्या वयाचा पुरुष किंवा लहान मुलांची आई असतो. तोंडातले स्ट्रेप्टोकोकस जंतू त्याच्या झडपेवर हळूहळू वाढत असतात, आणि आजार आठवडेच्या आठवडे साध्या तापाच्या वेषात राहतो. संध्याकाळी कणकण, रात्री घाम, भूक मंदावलेली, वजन उतरलेले, चेहरा फिकट.

असा माणूस गावातल्या दवाखान्यात जातो. दोन दिवस तापाच्या गोळ्या होतात, मलेरिया-डेंग्यूच्या चाचण्या होतात, मग विडाल होते. विडाल चाचणी १८९६ सालची आहे; जिथे टायफॉइड नेहमीचाच आहे अशा प्रदेशात एकदाच केलेल्या विडालवरून टायफॉइड ठरवू नये, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते आणि दवाखाना थाटल्यावर त्यांच्यापैकी बरेच जण ते विसरतात. कागदावर 'पॉझिटिव्ह' उमटले की सेफ्ट्रिअॅक्सोन या अँटिबायोटिकची पाच-सात इंजेक्शने सुरू होतात. आता योगायोग असा, की झडपेवरच्या स्ट्रेप्टोकोकसवर चालणारे औषधही हेच आहे. फक्त ते चार आठवडे द्यावे लागते. पाच दिवसांत ताप उतरतो, रुग्ण कामावर जातो, डॉक्टरांचा आणि रुग्णाचा टायफॉइडवर विश्वास बसतो. दहा-पंधरा दिवसांनी ताप परततो. आता 'टायफॉइड उलटला' म्हणून पुन्हा इंजेक्शने, किंवा वजन घटले आहे म्हणून क्षयाचा संशय आणि क्षयाची औषधे. तिसऱ्या खेपेला रुग्ण शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पोचतो, कोणीतरी छातीला स्टेथोस्कोप नीट लावतो, झडपेचा आवाज ऐकू येतो, इको होतो आणि पुंजका दिसतो. पण तेव्हा रक्ताचे कल्चर पाठवले, तर त्यात काहीच वाढत नाही. जंतू मेलेला नसतो, नुसता दबलेला असतो. तो कोणता आणि त्याच्यावर कोणते औषध चालेल हे सांगण्याची संधी पहिल्या इंजेक्शनाबरोबर हातची गेलेली असते.

हे कल्चर म्हणजे काही अवघड विद्या नाही. त्वचा जंतुनाशकाने नीट पुसून, ती वाळू देऊन, वेगवेगळ्या ठिकाणच्या शिरांतून तीनदा रक्त घ्यायचे, मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत आठ-दहा मिलिलिटर भरायचे, आणि हे सगळे अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्यापूर्वी करायचे. बाटल्या यंत्रात ठेवल्या की पुढले पाच दिवस यंत्रच लक्ष ठेवते. चुका होतात त्या क्षुल्लक वाटणाऱ्या ठिकाणी: तीनऐवजी एकच बाटली, दहाऐवजी दोन मिलिलिटर रक्त, बाटली रात्रभर परिचारिकेच्या टेबलावर, आणि 'आधी सलाइन लावा, मग बघू' ही नेहमीची घाई. मात्र तालुक्याच्या गावी ही सोय नसते. ग्रामीण रुग्णालयात इको नाही, सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा नाही, आणि कल्चरच्या एका बाटलीचा खर्च विडालपेक्षा पुष्कळ जास्त. तिथल्या डॉक्टरांना एकट्याला दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. ज्या रुग्णाची दिवसाची मजुरी बुडते आहे तो 'इंजेक्शन द्या, उद्या कामावर जायचे आहे' असेच म्हणणार, आणि इंजेक्शन न देणाऱ्या डॉक्टरांच्या शेजारी ते देणारा दुसरा दवाखाना असतोच. सेफ्ट्रिअॅक्सोन २०१४ पासून औषध नियमांच्या परिशिष्ट एच-१ मध्ये आहे, म्हणजे औषध दुकानदाराने त्याच्या प्रत्येक विक्रीची वेगळी नोंद ठेवायची आहे. ती वही तपासायला कोणी येते का, हे कुठल्याही मेडिकलवाल्याला विचारावे.

यावर सरळ आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. क्षय, मधुमेह, सर्पदंश, कुपोषण, बाळंतिणींचा रक्तक्षय इतके सगळे दारात उभे असताना लाखात दहा जणांना होणाऱ्या आजारासाठी सरकारने पैसा आणि माणसे का द्यावीत? याचे पहिले उत्तर असे, की सरकार ते आजही देत आहे, फक्त शेवटच्या टोकाला देत आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत झडप बदलण्याची शस्त्रक्रिया समाविष्ट आहे. सहा आठवड्यांचा खाटेचा खर्च, शस्त्रक्रिया, कृत्रिम झडप, त्यानंतर यांत्रिक झडप असेल तर जन्मभर रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या आणि त्यासाठीच्या तपासण्या, हे सगळे झाल्यावरही त्या माणसाचा धोका संपत नाही. कृत्रिम झडप बसवलेल्यांपैकी शंभरात एक ते सहा जणांना पुढे त्या झडपेवरच संसर्ग होतो, आणि तो मूळच्यापेक्षा अधिक घातक असतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने स्वदेशी यांत्रिक झडप तयार करून १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली आणि पुढे गरिबांच्या आवाक्यात आणली, ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण झडप स्वस्त झाली म्हणून ती बदलायची वेळ येऊ देणे शहाणपणाचे ठरत नाही. दुसरे उत्तर असे, की या आजारासाठी जे करायचे आहे ते केवळ या आजारासाठी नाही. अँटिबायोटिकच्या आधी कल्चर घेण्याची शिस्त लागली, तर तिचा लाभ खऱ्या टायफॉइडला, जंतुदोषाला, न्यूमोनियाला आणि औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर नजर ठेवण्याच्या कामालाही होतो.

मोजणी असली की काय साधते, याचे उदाहरण इंग्लंडचे घ्यावे. दात काढण्यापूर्वी झडपविकाराच्या रुग्णांना अँटिबायोटिक देण्याची प्रथा तिथल्या मार्गदर्शक संस्थेने २००८ मध्ये जवळजवळ बंद केली. अमेरिकेने त्याआधी एक वर्ष ती फक्त सर्वांत धोक्यातल्या रुग्णांपुरती, म्हणजे कृत्रिम झडप असलेले, पूर्वी हा संसर्ग होऊन गेलेले आणि काही जन्मजात हृदयविकार असलेले यांच्यापुरती मर्यादित केली होती. २०१५ मध्ये इंग्लंडच्या रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा औषधचिठ्ठ्या घटल्यानंतर या आजाराचे रुग्ण आधीच्या कलापेक्षा महिन्याला सुमारे पस्तिसाने वाढलेले दिसले. एकामुळेच दुसरे घडले हे त्यातून सिद्ध झाले नाही, आणि तसा दावा त्या अभ्यासकांनीही केला नाही. तरी २०१६ मध्ये संस्थेने आपल्या सल्ल्यात 'सरसकट' देऊ नये असा शब्द घालून डॉक्टरांना विवेकाची मोकळीक दिली. महिन्याला पस्तीस रुग्णांचा फरक दिसावा इतकी बारीक नोंद त्या देशात होती. स्वीडनमध्ये तर या एका आजाराची राष्ट्रीय नोंदवही १९९५ पासून चालू आहे. आपल्याकडे महिन्याला साडेतीनशे रुग्ण वाढले, तरी ते कोणाच्या लक्षात येईल असे वाटत नाही.

इथे उलट दिशेने होणाऱ्या अतिरेकाबद्दलही बोलले पाहिजे. दात काढायचा म्हटले की ज्याला-त्याला आठवडाभर अँटिबायोटिक लिहून देण्याची सवय आपल्या दंतवैद्यकात पसरली आहे आणि तिचे समर्थन कधीकधी हृदयाचे नाव घेऊन केले जाते. ते चुकीचे आहे. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांना दात काढण्यापूर्वी अर्धा ते एक तास अॅमॉक्सिसिलिनचा दोन ग्रॅमचा एकच डोस पुरतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत दात काढल्यावर साठ टक्के लोकांच्या रक्तात जंतू सापडले, आधी औषध दिलेल्यांत तेहतीस टक्के, आणि नुसता ब्रश करणाऱ्यांत तेवीस टक्के. हा शेवटचा आकडा नीट पाहावा. दात काढणे आयुष्यात दोन-चारदा, ब्रश रोज. हिरड्या सुजलेल्या आणि दात किडलेले असतील तर दर सकाळी जंतू रक्तात शिरण्याची संधी आहे. म्हणजे ज्याची झडप खराब आहे त्याच्यासाठी नियमित दंततपासणी ही चैन राहत नाही, हृदयाच्या उपचारांचाच ती एक भाग ठरते. तरीही झडपविकाराच्या किती रुग्णांना हृदयरोगतज्ज्ञाने तोंड उघडायला सांगितले असेल, हा प्रश्न उरतोच.

विशेष म्हणजे झडपा आणि दात या दोन गोष्टी एकाच यादीत आणण्याचे काम सरकारने केव्हाच करून ठेवले आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जातात, आणि ज्या तीस आजारांसाठी मुलांना तपासायचे त्यांत ऱ्हुमॅटिक हृदयविकारही आहे आणि दातांची कीडही. पण शाळेच्या वर्गात, पन्नास मुलांच्या गलबल्यात, स्टेथोस्कोपने झडपेचा हलका आवाज टिपणे कठीण असते. कंबोडिया आणि मोझांबिकमधल्या शाळांत इकोने तपासणी केली, तेव्हा केवळ स्टेथोस्कोपपेक्षा सुमारे दसपट मुले सापडली होती. जिथे ऱ्हुमॅटिक ताप अजून दिसतो अशा आदिवासी आणि दाट वस्तीच्या भागांत हातात मावणारे इको यंत्र या पथकांना देणे आता अशक्य राहिलेले नाही. सापडलेल्या मुलाचे पुढे काय करायचे, हाही आता अंदाजाचा विषय नाही. युगांडातील ८१८ मुलांच्या चाचणीत, ज्यांच्या झडपेवर आजाराची सुरुवातीची खूण होती, त्यांपैकी दर महिन्याला पेनिसिलिन मिळालेल्यांत शंभरात एकाहून कमी मुलांचा आजार दोन वर्षांत पुढे सरकला. ज्यांना ते मिळाले नाही त्यांत आठांचा.

बेन्झाथीन पेनिसिलिनचे हे इंजेक्शन स्वस्त आहे, आणि त्याच्या वाटेतला मोठा अडसर तोच असावा असा मला संशय आहे. फारसा नफा नसल्याने ते तयार करायला आणि विकायला कोणी उत्सुक नसते, साठा अधूनमधून संपतो, टोचल्यावर दुखते, आणि अॅलर्जीच्या भीतीने अनेक खासगी दवाखाने ते द्यायलाच नकार देतात. दर तीन-चार आठवड्यांनी मुलाला घेऊन जिल्ह्याच्या गावी जाणारी आई दोन-तीनदा रिकाम्या हाताने परतली की चौथ्यांदा जात नाही. जागतिक आरोग्य सभेने २०१८ मध्ये ऱ्हुमॅटिक तापाविषयी ठराव केला, त्यात या औषधाच्या पुरवठ्याचा उल्लेख आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या मागणीपत्रकात ते नियमित दिसले पाहिजे आणि पहिला डोस देखरेखीखाली देण्याचे प्रशिक्षण परिचारिकांना मिळाले पाहिजे.

ऱ्हुमॅटिक तापाच्या या जुन्या वाटेबरोबर संसर्गाची एक नवी वाटही उघडली आहे, तिच्याकडे दुर्लक्ष होऊ नये. २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची सोय वाढली, ते उत्तमच झाले. पण हातावर शीर आणि धमनी जोडून फिस्टुला तयार करण्याऐवजी मानेतल्या नळीवर महिनोन्महिने डायलिसिस चालू राहिले, की त्या नळीतून त्वचेवरचा स्टॅफिलोकोकस थेट हृदयात पोचतो. हा संसर्ग आठवडे घेत नाही, दिवसांत झडप खातो. गरिबीतून आलेला आणि उपचारांतून आलेला असे दोन्ही प्रकारचे रुग्ण एकाच वेळी सांभाळायची वेळ आपल्यावर आली आहे.

नोंदवही नव्याने उभारायला वर्षे लागतील हे खरे, पण सुरुवात कोऱ्या पाटीपासून करायची नाही. झडपांच्या शस्त्रक्रियांचे आणि दीर्घ अँटिबायोटिक उपचारांचे जे दावे जनआरोग्य योजनेकडे मंजुरीसाठी येतात, त्यांच्याबरोबर इकोचे अहवाल आणि तपासण्यांचे कागद जोडावेच लागतात. त्या अर्जात तीन रकाने वाढवावेत: झडपेवर संसर्ग होता का, रक्ताची कल्चर किती घेतली, आणि ती पहिल्या अँटिबायोटिकच्या आधी घेतली की नंतर. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांनी योजनेबाहेरच्या रुग्णांचीही हीच माहिती दर तिमाहीला आरोग्य विभागाला द्यावी आणि विभागाने ती जिल्हावार प्रसिद्ध करावी. तिसऱ्या रकान्यात 'नंतर' हेच उत्तर सगळीकडून येऊ लागले, तर कल्चरच्या बाटल्या आणि त्या नेणारी गाडी आधी कोणत्या तालुक्यांना द्यायची, हे त्या यादीवरूनच ठरवता येईल.